दुधाचे माप आणि गावाची पत
(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचा मजकूर)

दूध हा नाशवंत माल आहे, हे वाक्य शाळेतील भूगोलाच्या पुस्तकात असते. मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरून जातात. परंतु खेड्यातील दुधाच्या धंद्याचे सारे दुखणे या एका वाक्यात साठविलेले आहे. ज्वारीचा भाव पडला, तर ज्याच्या घरी कणगी आहे तो शेतकरी दोन-चार महिने थांबू शकतो. कापूसही काही काळ घरात ठेवता येतो. दुधाला कणगी नाही. उन्हाळ्यात पहाटे काढलेले दूध दुपारपर्यंत नासू लागते, आणि संध्याकाळी म्हशीची कास पुन्हा भरलेली असते. म्हणून दूध विकणारा हा बाजारातील सर्वांत दुबळा विक्रेता होय. घेणारा जो भाव सांगेल, जे माप धरील, ते त्याला मुकाट्याने मान्य करावे लागते.

आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या खंडांतील विकसनशील देशांत दुधाचा धंदा वाढवावा, तो टिकाऊ व्हावा आणि त्यातून गरिबाच्या घरी रोख पैसा यावा, यासाठी आज पुष्कळ योजना निघतात. त्यांत चांगल्या जातीच्या गाई, यंत्रे, कर्जे आणि शीतगृहे यांचा विचार प्रथम केलेला असतो. या गोष्टी आवश्यक आहेत, याबद्दल वाद नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे की, या सर्वांच्या आधी एक साधी गोष्ट यावी लागते, ती म्हणजे खरे माप. जेथे गावाने खरे माप वसविले तेथे पुढचे सारे साधले, आणि जेथे मापच खोटे राहिले तेथे उत्तम गाईसुद्धा गरिबाच्या दावणीला फार दिवस टिकल्या नाहीत.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आम्हा वडोदऱ्याच्या मराठी माणसांच्या शेजारीच आहे. मही नदीचा पूल ओलांडला की चरोतर लागते, आणि वडोदऱ्याहून सुमारे चाळीस किलोमीटरवर आणंद येते. हा प्रदेश सुरती म्हशीचे माहेर होय. पूर्वी हा सर्व भाग खेडा जिल्ह्यात मोडत असे. १९४५ साली मुंबई सरकारने मुंबई शहराला दूध पुरविण्याची योजना आखली. सुमारे सव्वाचारशे किलोमीटर अंतरावरून ते दूध आणावयाचे होते, आणि खेडा जिल्ह्यातून ते गोळा करण्याचा मक्ता पोल्सन या कंपनीला देण्यात आला. मुंबईला दूध मिळाले, कंपनीला नफा मिळाला, परंतु पहाटे उठून धार काढणाऱ्याला भाव काय द्यावयाचा हे त्याला कोणी विचारले नाही.

शेतकऱ्यांनी आपले गाऱ्हाणे सरदार वल्लभभाई पटेल यांच्यापुढे मांडले. सरदार हे जवळच्याच करमसदचे. त्यांनी सल्ला दिला की, भाव वाढवून मागत बसण्यापेक्षा स्वतःची सहकारी संस्था काढा आणि दूध स्वतः विका. मोरारजी देसाई यांना त्यांनी खेड्यात पाठविले. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा या गावी सभा भरली आणि ठराव झाला की, प्रत्येक गावात दूध उत्पादकांची संस्था असावी, त्या संस्थांचा जिल्हा संघ असावा, आणि सरकारने दूध घ्यावयाचे असेल तर ते संघाकडूनच घ्यावे. सरकारने नकार दिला. तेव्हा शेतकऱ्यांनी पंधरा दिवस व्यापाऱ्याला दूध घातले नाही. मुंबईची योजना कोलमडली आणि सरकारला नमते घ्यावे लागले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. आरंभी त्यात अवघ्या दोन गावांच्या संस्था होत्या आणि दिवसाला सुमारे अडीचशे लीटर दूध जमत असे. पुढे ‘अमूल’ या नावाने जगाला माहीत झालेला संघ तो हाच.

या संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल हे गावोगाव हिंडून लोकांची मने वळविणारे कार्यकर्ते होते. १९४९ साली आणंदच्या सरकारी दुग्धालयात नोकरीसाठी आलेले, मूळ केरळातील कोझिकोडचे, तरुण अभियंते वर्गीज कुरियन यांना त्यांनी संघाच्या कामात ओढले. त्यांच्या जोडीला हरिचंद दलाया हे दुग्धतंत्रज्ञ आले. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते, आणि ते दलायांनी प्रयोगाने खोटे ठरविले. १९५५ च्या ऑक्टोबरात आणंदच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले.

या भुकटीचे महत्त्व शहरातील माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. म्हैस हिवाळ्यात भरपूर दूध देते आणि उन्हाळ्यात आटते. दुग्धव्यवसायातील लोक या दोन हंगामांना पुष्टकाळ आणि कृशकाळ म्हणतात. पुष्टकाळात दूध जास्त झाले की व्यापारी ते घेणे थांबवी किंवा भाव पाडी, आणि नेमके ज्या महिन्यांत गोठ्यात दूध असे त्याच महिन्यांत घरात पैसा नसे. जादा दुधाची भुकटी आणि लोणी होऊ लागले तेव्हा संघाला बाराही महिने दूध घेण्याचे वचन देता आले. दुधाला कणगी नाही, असे मी आरंभी म्हटले. आणंदच्या लोकांनी ती कणगी बांधली, आणि ती स्वतःच्या मालकीची बांधली.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे मापाकडे येतो. गावातील दूध संस्थेचे काम सकाळ-संध्याकाळ चालते. सभासद रांगेने येतात. आधी येईल त्याचे दूध आधी घेतले जाते, मग तो कोणत्याही जातीचा असो आणि त्याचे भांडे लहान असो वा मोठे. दूध मोजले जाते, त्यातील थोडे नमुन्यासाठी काढून घेतात, आणि त्यातील स्निग्धांश, ज्याला सर्व लोक फॅट म्हणतात, तो तपासतात. दुधातील इतर घनपदार्थांचाही हिशेब होतो. पूर्वी हे काम काचेच्या नळ्या आणि आम्ल वापरून होई. आता बहुतेक ठिकाणी ते यंत्रावर काही क्षणांत होते. आकडा सभासदासमोर दिसतो, पुस्तकात लिहिला जातो, आणि त्या आकड्याप्रमाणे पैसे ठरलेल्या दिवशी मिळतात.

या पद्धतीने काय साधले ते पाहा. दूध केवळ लीटरावर घेतले, तर पाणी घालणाऱ्याचा फायदा होतो आणि प्रामाणिक माणूस मूर्ख ठरतो. काही दिवसांनी तोही पाणी घालू लागतो. मग घेणारा म्हणतो, सगळेच पाणी घालतात, म्हणून सगळ्यांनाच भाव कमी. अशा रीतीने अविश्वास हाच बाजाराचा नियम होऊन बसतो. फॅटप्रमाणे पैसे मिळू लागले की पाण्याला किंमत उरत नाही. उपदेशाने जे झाले नसते ते मापाने होते. पातळ दूध देणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही, त्याला फक्त कमी पैसे मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या म्हशीला थोडी सरकी अधिक घालतो.

अविश्वास केवळ उत्पादकालाच भोवतो असे नाही, तो ग्राहकालाही भोवतो. कोल्हापुरात गंगावेशीला दूध कट्टा आहे. तेथे म्हशी आणून उभ्या करतात आणि ग्राहकाच्या देखत धार काढून ते धारोष्ण दूध त्याला देतात. हौस आणि चव यांचा भाग त्यात आहेच, परंतु डोळ्यांदेखत काढलेल्या दुधाचा भरवसा हेही त्याचे एक कारण आहे. लाखो वस्तीच्या शहरात प्रत्येकाच्या दारी म्हैस उभी करता येत नाही. तेथे हा भरवसा मापाने, तपासणीने आणि थंड साखळीनेच निर्माण करावा लागतो.

१९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आणंदजवळील अजरपुरा गावात एक रात्र मुक्काम केला आणि लोकांशी बोलून पाहिले. ही हकीकत कुरियन यांनी पुढे सांगितली आहे. शास्त्रीजींना येथील जमीन इतरांहून सरस दिसली नाही, पाऊस अधिक दिसला नाही, म्हशीही उत्तर प्रदेशातील म्हशींहून चांगल्या दिसल्या नाहीत. मग हे घडले कसे? दुग्धालयाचे मालक शेतकरी आहेत आणि व्यवस्थापक त्यांचे नोकर आहेत, हे त्याचे उत्तर होते. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले, आणि त्याचे मुख्य ठाणे दिल्लीत न ठेवता आणंदला ठेवण्यात आले.

१९७० साली सुरू झालेली आणि तीन टप्प्यांनी १९९६ पर्यंत चाललेली दुग्धमहापूर योजना ही त्याच विचाराचा विस्तार होती. तिच्या भांडवलाची कथा आजच्या विकसनशील देशांनी अभ्यासण्यासारखी आहे. त्या काळी युरोपातील देशांत दुधाची भुकटी आणि लोणी यांचे ढीग साठले होते. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत तो माल भारताला देणगी म्हणून मिळाला. तो फुकट वाटला असता, तर आपल्याकडील दुधाचा भाव कोसळून आपलेच गवळी बुडाले असते. तसे न करता त्यापासून दूध तयार करून ते दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे योग्य भावाने विकले गेले, आणि त्या पैशातून गावोगावच्या संस्था, शीतकेंद्रे आणि दुग्धालये उभी राहिली. याच्या उलट जमैका देशात १९९० नंतरच्या दशकात आयात खुली झाली आणि परदेशी स्वस्त भुकटीचा लोंढा आला, तेव्हा तेथील शेतकऱ्यांवर दूध ओतून देण्याची पाळी आली. परदेशी भुकटी दोन्हीकडे आली. एका ठिकाणी तिच्या विक्रीतून शेतकऱ्याची संस्था उभी राहिली, दुसऱ्या ठिकाणी शेतकऱ्याचा बाजार गेला.

१९५०-५१ साली भारतात सुमारे १ कोटी ७० लाख टन दूध होत असे. १९९८ साली आपण अमेरिकेला मागे टाकून जगात पहिले झालो, आणि २०२३-२४ साली उत्पादन सुमारे २३ कोटी ९३ लाख टनांवर गेले. त्या वर्षी दरडोई रोजचे प्रमाण ४७१ ग्रॅमांवर आले होते. हे दूध प्रचंड गोशाळांतून आलेले नाही. दोन-चार जनावरे असलेल्या लक्षावधी घरांतून ते आलेले आहे. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन १९७६ साली ‘मंथन’ नावाचा चित्रपट काढला, तो याच चळवळीचा. त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची होती, ही मराठी माणसाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

परंतु श्रोतेहो, जुन्या यशाची आरती ओवाळून आजचे प्रश्न सुटत नाहीत. २०१८ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रात दूध आंदोलन झाले. रस्त्यावर दूध ओतले गेले, मुंबईकडे जाणारे टँकर अडविले गेले, आणि काही दिवसांनी सरकारने लीटरला २५ रुपये भाव देवविण्याचे मान्य केले. १९४६ च्या संपाशी याची तुलना केली म्हणजे फरक ध्यानात येतो. चरोतरच्या संपाने संस्था मिळविली, महाराष्ट्राच्या आंदोलनाने भाव मिळविला. भाव पुन्हा पडतो, संस्था राहते. महाराष्ट्रातही कोल्हापूरचा गोकुळ संघ १९६३ पासून उभा आहे आणि वारणेसारखी नावे आहेत. तरी राज्यात जमणाऱ्या दुधाचा मोठा हिस्सा आज खाजगी डेअऱ्यांकडे जातो. खाजगी डेअरी वाईटच असते, असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी ती सहकारी संस्थेपेक्षा वेळेवर पैसे देते. जेथे सहकारी संघ पुढाऱ्यांच्या गटांचे आखाडे झाले, नोकरभरती वाढली आणि सभासदाचे पैसे थकले, तेथे शेतकरी दुसरीकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यावा? राज्याच्या ‘महानंद’ या शिखर संस्थेचा कारभार २०२४ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. सहकार हे नाव म्हणजे माप नव्हे. नावाखाली खोटे माप चालू शकते.

दुसरा प्रश्न घरातला आहे. वैरण कापणे, शेण काढणे, पाणी पाजणे आणि धार काढणे ही कामे बहुतेक घरी स्त्रिया करतात. संस्थेच्या पुस्तकात नाव मात्र पुष्कळदा घरधन्याचे असते. जिचा हात कासेला लागतो तिच्या हातात पैसा जात नसेल, तर तेही एक खोटे मापच होय. गुजरातेत कित्येक गावांत केवळ स्त्रियांच्या दूध संस्था निघाल्या आहेत, आणि पैसे थेट त्यांच्या खात्यात जमा होतात. हे पैसे मुलांच्या वह्यापुस्तकांपर्यंत लवकर पोहोचतात, हे शिक्षकाच्या पेशातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा प्रश्न जमीन, पाणी आणि हवा यांचा आहे. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात सुमारे १९ कोटी गोवंशाची जनावरे आणि ११ कोटी म्हशी आहेत. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन वायू तयार होतो, आणि तो कर्बवायूपेक्षा कितीतरी अधिक उष्णता धरून ठेवतो. यावर, दूधच बंद करा, असा सल्ला देणे सोपे आहे. परंतु ज्या भूमिहीन घरी एक म्हैस हीच मिळकत आहे, त्याला तो सल्ला देणे हे माणुसकीला धरून नाही. खरा उपाय असा की, जनावरे थोडी असावीत आणि चांगली पोसलेली असावीत. अर्धपोटी चार म्हशी जे दूध देतात, तेवढे नीट आहार मिळालेल्या दोन म्हशी देऊ शकल्या, तर चाराही वाचतो, पाणीही वाचते, आणि प्रत्येक लीटरामागे निघणारा वायूही कमी होतो.

येथेही पुन्हा मापच उपयोगी पडते. कोरडा कडबा भरपूर आणि पेंड अंदाजाने, अशी आपली रीत आहे. जनावराचे वजन, दूध आणि गाभणपण पाहून हिरवी वैरण, सुकी वैरण, पेंड आणि खनिज मिश्रण यांचे प्रमाण ठरविले, तर खर्च घटून दूध वाढते, हा अनुभव ठिकठिकाणी आलेला आहे. पावसाळ्यातील मक्याची कुट्टी करून हवाबंद मुरघास केला, तर उन्हाळ्यात वैरण विकत घ्यावी लागत नाही.

जातीच्या निवडीतही तेच आहे. आपली गीर गाय ब्राझीलमध्ये गेली. तेथील लोकांनी तिच्या पिढ्यान् पिढ्यांच्या दुधाच्या नोंदी ठेवल्या, चांगल्या गाईंच्या पोटचे वळू निवडले, आणि उष्ण हवेत भरपूर दूध देणारे वंश तयार केले. आपल्याकडे गाय होती, वही नव्हती. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडची पंढरपुरी म्हैस कोरड्या मुलखात कमी वैरणीवर तग धरते. तिच्या गुणांची नोंद घरोघर झाली पाहिजे. ती न करता प्रत्येक गोठ्यात थंड देशातील गाय बांधणे म्हणजे पंखा, औषध आणि कर्ज ही तिन्ही दावणीला बांधणे होय. २०२२ साली लम्पी रोगाने गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रात जनावरे दगावली, तेव्हा ज्या घरी एकच गाय होती तेथे सारे घर खचले. म्हणून लस आणि विमा यांनाही टिकाऊ धंद्यात दुधाइतकेच स्थान आहे.

आणंदजवळील झकरियापुरा गावात आणखी एक पाऊल टाकलेले दिसते. तेथे घराघरांच्या मागे लहान गोबरगॅस संयंत्रे बसविली आहेत. स्वयंपाकाचे इंधन घरीच होते, आणि उरलेले पातळ शेणखत मोजून विकले जाते. ज्या शेणाच्या गोवऱ्या थापून धुरात डोळे जळत होते, त्याचेही पैसे बायकांना मिळू लागले. दुधाच्या मापाने जे केले तेच शेणाच्या मापाने होत आहे.

गोव्यात फोंड्याजवळच्या कुर्टी येथे गोवा डेअरी आहे, बेळगावात नंदिनी, इंदुरात सांची, हैदराबादेत विजया ही नावे घरोघर परिचित आहेत. सकाळी पिशवी फोडताना आपण भाव पाहतो आणि तारीख पाहतो. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण ग्राहकांनी लावून घेतली पाहिजे. माझ्या रुपयातील किती पैसे गोठ्यापर्यंत पोहोचतात? ते किती दिवसांनी पोहोचतात? आणि दूध घालणाऱ्याला माप आणि फॅट त्याच्या देखत दाखविले जाते काय? जी डेअरी या प्रश्नांची उत्तरे मोकळेपणाने देईल तिच्या दुधाला दोन पैसे अधिक द्यावे लागले, तरी ते वाया जाणार नाहीत.

ज्या संस्थेत आपण सभासद असू तेथे वार्षिक सभेला जावे, हिशेब वाचावा आणि न कळल्यास उभे राहून विचारावे. चरोतरच्या शेतकऱ्यांना ते धैर्य १९४६ साली आले होते, आणि त्यांच्यातील पुष्कळांना धड सही करता येत नव्हती. आपल्या गावात तर आज घरटी एक तरी मूल शाळेत जाते. आजीच्या दुधाच्या पुस्तकातील आकडे त्या मुलाने मोठ्याने वाचून दाखवावेत आणि बेरीज ताडून पाहावी. ती बेरीज चुकली, तर संस्थेत जाऊन विचारावयाचा हक्क आजीचा आहे, आणि तो तिने वापरावा.